मूत्रपिंडे सल्ला देतात



2024 सालच्या सुक्कोथच्या दिवसांत आमच्या इमारतीतील एक शेजारीण वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आल्या. आम्हाला निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी वस्तीत आम्ही अजून 'सिस्टर'च आहोत. कोणाला रक्ताचा रिपोर्ट वाचून हवा असतो, कोणाला गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारायचे असते. या बाईंनी कात्रण टेबलावर ठेवले, हाताने सारखे केले आणि म्हणाल्या, "सिस्टर, हे वाचा आणि सांगा. नोबेल मिळालंय म्हणे. ह्यांच्या किडनीला ह्यातलं काही लागू पडेल काय?"

त्यांच्या यजमानांना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली आहेत. एक चुलतदीर आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात. तेव्हा त्यांचा प्रश्न रिकामपणाचा नव्हता.

बातमी अशी होती की व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना 'मायक्रो-आरएनए'च्या शोधाबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते जाहीर झाले 7 ऑक्टोबर 2024 रोजी. त्या दिवशी 2023 च्या हत्याकांडाला एक वर्ष पुरे होत होते. रोश हशाना होऊन गेला होता आणि किप्पूर, ज्याला आपल्या आज्या दारफळणीचा सण म्हणत, तो चार-पाच दिवसांवर होता. अशा दिवशी स्टॉकहोमच्या बातमीकडे आमचे लक्ष गेले नाही, तर त्यात नवल नाही. शेजारणीचे मात्र गेले. ज्याच्या घरी आजार असतो, त्याचा डोळा अशा बातमीवर बरोबर पडतो.

आम्ही त्यांना चहा दिला आणि सांगितले, "दोन-चार दिवस द्या. वाचून सांगतो." दोन-चार दिवसांचे दोन-चार महिने झाले. जे समजले ते त्यांना सांगितलेच, पण हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे, म्हणून येथेही लिहीत आहोत. शिवाय आमच्या स्वतःच्या घरचीही एक गोष्ट आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

आधी मूत्रपिंडाविषयी. आपल्या हिब्रू भाषेत मूत्रपिंडाला मोठा मान आहे. मनाला लागणाऱ्या टोचणीला हिब्रूत 'मुसार क्लायोत' म्हणतात, म्हणजे मूत्रपिंडांनी केलेली कानउघाडणी. परमेश्वर माणसाचे हृदय आणि मूत्रपिंडे पारखतो, असे आपले संदेष्टे सांगून गेले. तालमुदाच्या बेराखोत भागात रब्बींचे मत दिले आहे की माणसाच्या दोन मूत्रपिंडांपैकी एक त्याला चांगला सल्ला देते आणि दुसरे वाईट. आम्ही मुंबईत शाळेत होतो तेव्हा घरी वडील मंडळी 'अशेर यात्सार' ही बेराखा म्हणत. शौचाहून आल्यावर, शरीरातल्या वाटा नीट चालू ठेवल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. पुढे डायलिसिसच्या वॉर्डात नोकरी केल्यावर हसू कायमचे गेले. ज्याला दिवसभरात वाटीभर लघवी होत नाही, आणि म्हणून पाण्याचा प्रत्येक घोट मोजून घ्यावा लागतो, त्याच्याकडे पाहिले की त्या बेराख्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

प्रत्येक मूत्रपिंड आपल्या मुठीएवढे. त्यात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले बहुतेक सर्व परत रक्तात घेतात. उरते ती लीटर-दीड लीटर लघवी. ही गाळण्याची जागा बिघडू लागली तरी बाकीच्या गाळण्या जास्त काम ओढतात आणि घराचा कारभार चालू ठेवतात. दुखत नाही, खुपत नाही. रक्तातले क्रिएटिनिन हद्दीबाहेर जाईपर्यंत पुष्कळदा निम्मी शक्ती संपलेली असते. रब्बींनी म्हटले मूत्रपिंड सल्ला देते. आमचा वॉर्डातला अनुभव असा की ते सल्ला देते खरे, पण इतक्या हळू आवाजात की ऐकू येत नाही.

आता त्या नोबेलकडे वळू. आमच्या शाळेच्या दिवसांत आरएनए म्हणजे निरोप्या, एवढेच शिकवत. शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा मोठा ग्रंथ आहे, त्यातील मजकुराची नक्कल आरएनए करतो, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिने तयार करते. आपल्या घरातले उदाहरण घ्या. मेंदीच्या रात्रीचे जेवण आहे. आजीची पाककृतींची वही कपाटात कुलूपबंद आहे. ती चुलीजवळ कोणी नेत नाही. वहीतून चिठ्ठीवर उतरून घेतात आणि चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते. जोवर चिठ्ठी भिंतीला लावलेली आहे, तोवर स्वयंपाकी तोच पदार्थ करीत राहतो. आता पुरे, असे कोण सांगणार? घरात एखादी लहानखुरी आत्या असते. ती स्वतः काही रांधत नाही. पण फिरत फिरत येते, चिठ्ठीवर बोट ठेवते आणि म्हणते, "हे बस झालं." स्वयंपाकी थांबतो, चिठ्ठी फाडली जाते. मायक्रो-आरएनए म्हणजे ही आत्या.

निरोप्या आरएनएची चिठ्ठी हजारो अक्षरांची असते. मायक्रो-आरएनए जेमतेम 22 अक्षरांचा. त्याच्यापासून कोणतेच प्रथिन होत नाही. तो फक्त चिठ्ठीच्या ज्या भागाशी त्याची अक्षरे जुळतात तेथे जाऊन चिकटतो आणि ती चिठ्ठी निकामी करतो. एकच आत्या शेकडो चिठ्ठ्यांवर बोट ठेवू शकते, आणि एकाच चिठ्ठीवर अनेक आत्यांची बोटे पडू शकतात. माणसात अशा हजाराहून अधिक आत्या आहेत. त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत, जसे वॉर्डातल्या खाटांना असतात.

हे सापडले कोठे, तर एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक किड्यात. मातीत राहणाऱ्या या किड्याचे नाव सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. त्यातले काही किडे मोठे होऊनही बाळपणातलीच कामे पुन्हा पुन्हा करीत राहत. असे का, हे शोधताना अँब्रोस यांना 'लिन-4' नावाच्या जनुकापासून निघणारा हा चिमुकला आरएनए दिसला. रव्हकुन दुसऱ्या जनुकावर, 'लिन-14' वर, काम करीत होते. दोघांनी आपापल्या कागदांवरची अक्षरे शेजारी ठेवून पाहिली आणि ती जुळली. 1993 च्या डिसेंबरात दोघांचे निबंध 'सेल' या मासिकात आले. पुढची सात वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. किड्याचे काही तरी वैशिष्ट्य असेल, असे लोकांना वाटले. 2000 साली रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला 'लेट-7' हा दुसरा असा आरएनए सापडला, आणि तो माशांत, कोंबड्यांत, माणसांतही तसाच्या तसा निघाला. मग सर्वांचे डोळे उघडले.

आता शेजारणीच्या प्रश्नाचा गाभा. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराशी याचा काय संबंध?

विकार मधुमेहाचा असो, रक्तदाबाचा असो की वंशपरंपरेचा, शेवटचा प्रकार पुष्कळसा एकच. गाळण्यांच्या जागी वण तयार होतो. हाताला भाजले की तेथे कडक कातडी येते, तसेच आत होते. वणाला रक्त गाळता येत नाही. वण भरण्याचे काम शरीर चांगल्या हेतूनेच सुरू करते, पण 'पुरे' म्हणणारा कोणी नसला की ते थांबत नाही. येथेच आत्याबाईंचे काम येते.

2008 साली शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पाय पसरून बसलेल्या पेशी असतात. त्यांच्या बोटांची एकमेकांत गुंफण असते, आणि त्या गुंफणीमुळे रक्तातले आल्ब्युमिन लघवीत गळत नाही. या पेशींत मायक्रो-आरएनए कातरून तयार करणारी जी कात्री असते, ती जन्मापासून काढून टाकली. उंदीर जन्मले तेव्हा चांगले होते. काही आठवड्यांतच त्यांच्या लघवीतून आल्ब्युमिन जाऊ लागले, गाळण्या कोसळल्या आणि उंदीर मेले. म्हणजे या बारीक आरएनएंवाचून गाळणी टिकतच नाही, हे सिद्ध झाले.

मग कोणता नंबर काय करतो याचा शोध सुरू झाला. 29 नंबरचा मायक्रो-आरएनए वणाचा धागा, म्हणजे कोलॅजेन, फार होऊ देत नाही. रोगात तो कमी होतो. 21 नंबरचा उलट आहे. दुखावलेल्या मूत्रपिंडात तो फार वाढतो आणि पेशींना चरबी जाळून शक्ती मिळवण्याचे जे साधन असते, त्याच्याच चिठ्ठ्या बंद पाडतो. पेशी उपाशी पडतात आणि वण वाढतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या कामात, ज्या उंदरांत हा 21 नंबर नव्हता, त्यांच्या मूत्रपिंडांना दुखापत केली तरी वण कमी झाला. 192 नंबरविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. 2007 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना मधुमेही उंदरांच्या गाळण्यांत तो वाढलेला आढळला. पुढे इतरांना मधुमेही माणसांच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांत तो कमी झालेला आढळला. असे का, तर उंदीर आणि माणूस वेगळे, आणि रोगाची सुरुवात व शेवट यांत फरक. आम्ही हे मुद्दाम लिहितो. वर्तमानपत्रातल्या बातमीत अशी भांडणे येत नाहीत, आणि मग वाचणाऱ्याला वाटते की औषध उद्या सकाळी कुपत होलीमच्या खिडकीवर मिळेल.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. पेशी हे मायक्रो-आरएनए बारीक बारीक पुड्यांत बांधून बाहेर सोडतात. ते लघवीतही उतरतात, आणि पुडीत असल्यामुळे लवकर नासत नाहीत. म्हणजे मूत्रपिंडाच्या आत काय चालले आहे, याची चिठ्ठी बाहेर येत असते. ती वाचता आली तर गाळणी फुटण्याच्याही आधी कळेल. पण आज तरी दर प्रयोगशाळेचे उत्तर वेगळे येते. आमच्या दवाखान्यांत नेहमीच्या उपयोगाची अशी तपासणी अजून झालेली नाही. मूत्रपिंडाचा सल्ला लिहिलेला आहे, वाचायचा चष्मा अजून नीट बसलेला नाही.

राहिला औषधाचा प्रश्न. 21 नंबरला गप्प करणारे एक औषध तयार झाले, लॅडेमिर्सेन नावाचे. आल्पोर्ट नावाच्या वंशपरंपरेच्या विकारात ते उंदरांना चांगले लागू पडले होते. माणसांवर चाचणी झाली. मधल्या हिशेबात उपयोग दिसेना, म्हणून 2022 साली ती थांबवली. ज्या रोग्यांनी आपले शरीर चाचणीला दिले, त्यांच्या मनाला काय वाटले असेल ते आम्ही समजू शकतो. दुसरे एक औषध 17 नंबरविरुद्ध आहे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा जो वंशपरंपरेचा विकार असतो, त्यासाठी. ते तयार करणारी लहान कंपनी 2025 साली नोव्हार्टिसने विकत घेतली. त्यावरून त्यात काही जीव असावा असे वाटते, पण कंपनीची खरेदी म्हणजे रोग्याचा इलाज नव्हे. मायक्रो-आरएनएच्या चुलतभावाचे मात्र एक औषध मूत्रपिंडाच्या आजारात खरोखर आले आहे. लहान मुलांच्या मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे खडे साचून ती निकामी होतात, असा एक दुर्मिळ जन्मजात विकार आहे. त्यावरचे लुमासिरान हे औषध 2020 साली मंजूर झाले. तेही अशाच बारीक आरएनएने चिठ्ठी बंद करते. त्याच्या पहिल्या चाचण्यांत आपल्या यरुशलायमच्या शारे त्झेदेक इस्पितळाचा वाटा होता, हे सांगताना आनंद होतो.

तेव्हा शेजारणीला आम्ही उत्तर दिले ते असे: "वहिनी, रस्ता खरा आहे. पण ह्यांच्यासाठी आज त्यातलं काही नाही." बाईंचा चेहरा उतरला. मग आम्ही विचारले, "ह्यांच्या लघवीतलं आल्ब्युमिन शेवटचं कधी तपासलं?" त्या म्हणाल्या, "रक्त तर दर तीन महिन्यांनी देतात. साखर बघतात. क्रिएटिनिन चांगलं आहे म्हणतात. लघवीचं कशाला? त्यांना काही त्रास नाही."

हे शब्द आम्ही पूर्वी ऐकले होते. आता ती घरची गोष्ट.

आमचे थोरले भाऊ आमच्याहून अकरा वर्षांनी मोठे. ते आमच्या आधी अलिया करून आले. दक्षिणेकडील एका गावात गिरणीत कामाला लागले. आम्ही 1979 साली आलो तेव्हा विमानतळावर तेच घ्यायला आले होते. हिब्रूचा पहिला शब्द त्यांनीच शिकवला. आम्ही नर्सिंगचा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांना फार कौतुक. हिब्रूत नर्सला 'अहोत' म्हणतात आणि बहिणीलाही 'अहोत'च म्हणतात. भाऊ ओळख करून देताना म्हणत, "ही माझी अहोत, आणि सगळ्यांची अहोत."

1991 साली त्यांना मधुमेह निघाला. ते सडपातळ होते, पोट नाही, वजन नाही. लोक म्हणत, बारीक माणसाला कसला मधुमेह? पण हिंदी वंशाच्या लोकांना अंगात चरबी फारशी दिसत नसतानाही मधुमेह होतो, हे आता सर्वमान्य आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासाने दाखवले की आपल्या बेने इस्राएल समाजात यहुदी आणि हिंदी दोन्ही पूर्वजांचा वाटा आहे. तेव्हा हा वारसा आपलाही आहे, हे लक्षात ठेवावे.

भाऊंचे क्रिएटिनिन हद्दीत येत असे. आम्ही तो कागद पाहून "छान आहे, भाऊ" म्हणत असू. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. ज्याचे स्नायू कमी, त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी. सडपातळ माणसाचा आकडा हद्दीत असूनही त्याची मूत्रपिंडे बिघडलेली असू शकतात. हे आम्ही शिकलेले होतो. त्या वेळी आम्ही शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करीत होतो आणि रोज सकाळी परक्या माणसांच्या लघवीत पट्टी बुडवून आल्ब्युमिन पाहत होतो. पट्ट्यांची डबी अ‍ॅप्रनच्या खिशात असे. दर आठवड्याला शब्बाथ सुटल्यावर आम्ही भाऊंकडे जेवायला जात असू. वहिनींच्या हातचे बिरडे आणि नारळाच्या रसातला मासा पोटभर खाऊन येत असू. त्या डबीतली एक पट्टी भाऊंसाठी न्यावी, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आले नाही. त्यांना काही त्रास नव्हता.

2001 साली त्यांच्या पायाला सूज आली. वहिनींना वाटले उभे राहून काम केल्यामुळे असेल. तपासले तेव्हा मूत्रपिंडांची पाऊण शक्ती गेली होती. 2003 साली डायलिसिस सुरू झाला. तोपर्यंत आम्ही डायलिसिसच्याच वॉर्डात होतो. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, भाऊ आमच्या समोरच्या खुर्चीत बसत. त्यांच्या हातात सुई घालायला इतर सिस्टर नको म्हणत. एकदा यंत्र लावून झाल्यावर ते आमच्याकडे पाहून म्हणाले, "बाय, दुखत तर काही नव्हतं गं." तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटत होते. 2008 साली ते गेले. बाकी आम्हाला कोणी कधी बोल लावला नाही, वहिनींनीही नाही. पण हिब्रूत मनाच्या टोचणीला मूत्रपिंडांचे नाव का दिले असेल, हे आम्हाला तेव्हापासून कळते.

एक तारीख आम्हाला सारखी आठवते. ज्या 1993 साली त्या किड्याच्या आरएनएचे निबंध आले, त्याच साली एक दुसरा निबंधही आला होता. कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची गोळी मधुमेही रोग्यांच्या मूत्रपिंडाचा बिघाड मंदावते, असे त्यात दाखवले होते. त्या निबंधाला नोबेल मिळाले नाही. पण ती गोळी स्वस्त होती आणि दुकानात होती. ती कोणाला द्यायची, हे लघवी तपासल्यावाचून कळत नाही. भाऊंच्या गाळण्या तेव्हा नुकत्या गळू लागल्या असतील. मोठ्या शोधाची वाट पाहताना लहान पट्टी खिशात राहून गेली.

म्हणून वाचकांना आमची हात जोडून विनंती आहे. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वर्षातून एकदा डॉक्टरांकडे दोन गोष्टी मागा. एक, रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला गाळण्याचा वेग. हल्ली रिपोर्टवर तो छापूनच येतो. तो 60 च्या खाली तीन महिने राहिला तर विकार आहे असे समजतात. दुसरी, लघवीतले आल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण. ते एका ग्रॅमला 30 मिलिग्रॅमच्या आत असावे. जास्त निघाले तर घाबरू नका. ताप, लघवीची जळजळ किंवा फार मेहनत यानेही ते तात्पुरते वाढते. पुन्हा तपासा. पुन्हाही जास्त आले, तर "वय झालं" म्हणून सोडू नका.

कारण आज उपाय आहेत. रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि कॅप्टोप्रिलच्या कुळातल्या गोळ्या घेणे हे जुनेच. साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा बिघाड मंदावतो, हे 2019 पासून एकामागून एक मोठ्या चाचण्यांनी दाखवले. डापाग्लिफ्लोझिन 2020 साली मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांनाही लागू पडले. गेलेली गाळणी ही औषधे परत आणीत नाहीत. उरलेली राखतात. म्हणूनच लवकर कळले पाहिजे. आणि गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आठवडेच्या आठवडे आपल्या मनाने घेऊ नका. त्या मूत्रपिंडाला मारक आहेत. पापड आणि लोणचे यांचे मीठही मोजून घ्या. आम्हाला हे सांगणे सोपे नाही, कारण आमचाही जीव लोणच्यावर आहे.

शेजारणीच्या यजमानांची लघवी तपासली. 140 निघाले. महिन्याभराने पुन्हा तपासले, 155. डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या. गेल्या वेळी आकडा 70 वर आला होता. पुढे काय होईल ते देवाच्या हाती, पण आता निदान कोणी तरी त्या मूत्रपिंडांचे ऐकत आहे. ते कात्रण बाईंनी फेकले नाही. फ्रिजवर लावले आहे. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "असू दे. नातवंडांच्या वेळी उपयोगी पडेल." तेही खरे आहे. किड्यात सापडलेल्या 22 अक्षरांना मान मिळायला एकतीस वर्षे लागली. त्यांचे औषध व्हायलाही वेळ लागेल.

तोवर आपल्याजवळ लघवीची एक बाटली आहे. ती पुढच्या खेपेस कुपत होलीममध्ये जाताना न विसरता द्या, आणि तुमच्या भावालाही द्यायला सांगा. परमेश्वर सर्वांना आरोग्य देवो.